डोपामिन उत्तेजक की शामक? ते ऐकणाऱ्या पेशीवर ठरतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: डोपामिन हे संदेशवाहक रसायन मेंदूला चेतवतं की शांत करतं, कारण पुस्तकांत दोन्ही सापडतं. न्यूरॉन (विजेनं संदेश नेणाऱ्या चेतापेशी) आणि ग्लिया (त्यांच्याभोवतीच्या इतर मेंदूपेशी) यांचे रासायनिक संदेशमार्ग मुळातच वेगळे असतात का? आणि वेगळे असतील, तर नेमक्या एकाच प्रकारच्या पेशीवर चालणारं औषध का निघत नाही?

मेंदूचे पातळ काप जिवंत ठेवून एकेका पेशीतली वीज आणि कॅल्शिअम मोजण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यातून पक्की झालेली गोष्ट आधी सांगतो: रसायनाला स्वतःचा अर्थ नसतो, अर्थ लावते ती पेशी. वाक्य गुळगुळीत वाटतं हे मान्य आहे, म्हणून पुढे उदाहरणांवरच भर देतो.

ही गोष्ट मेंदूबाहेर आधी दिसली. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवलं की व्हेगस नसेतून एक रसायन सुटतं आणि त्यानं हृदय मंदावतं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. हेच ॲसिटिलकोलीन हातापायाच्या स्नायूवर पडलं की स्नायू आकुंचन पावतो. रसायन पेशीवरच्या ज्या प्रथिनाला चिकटतं त्याला रिसेप्टर म्हणतात. हृदयावर मस्करिनिक रिसेप्टर आहे. तो जी-प्रथिन या पेशीच्या आतल्या निरोप्याला हलवतो आणि त्यातून पोटॅशिअमची वाट उघडते. स्नायूवर निकोटिनिक रिसेप्टर आहे. तो स्वतःच एक दार आहे, उघडलं की सोडिअम आत शिरतं. ॲसिटिलकोलीन उत्तेजक की शामक असं विचारलं, तर कुठे ते सांगा, एवढंच म्हणता येईल.

आता डोपामिन. मेंदूच्या खोल भागात स्ट्रायाटम नावाची रचना आहे. हालचाल सुरू करणं, सवयी लागणं, बक्षिसावरून शिकणं या गोष्टींशी तिचा संबंध आहे. उंदरांत तिथले सुमारे ९५ टक्के न्यूरॉन एकाच घडणीचे असतात, त्यांना काटेरी मध्यम न्यूरॉन म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत. पण त्यांचे दोन गट आहेत. एका गटावर डी१ रिसेप्टर असतो, दुसऱ्यावर डी२. पहिला गट हालचालीला वाट मोकळी करून देणाऱ्या मार्गात आहे, दुसरा तिला लगाम घालणाऱ्या मार्गात. (प्रत्यक्षात चित्र इतकं सरळ नाही. हालचाल सुरू होताना दोन्ही गट एकदम जागे होतात. पण रसायनशास्त्र समजून घ्यायला ही विभागणी पुरते.)

डोपामिन डी१ला चिकटलं की जी-प्रथिनाचा चेतवणारा प्रकार कामाला लागतो, सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत संदेश पुढे नेणारा छोटा रेणू) वाढतं, त्यानं प्रोटीन कायनेज ए हे एन्झाइम जागं होतं आणि ते इतर प्रथिनांवर फॉस्फेटचे ठिपके लावत सुटतं. डी२ला चिकटलं तर दाबणारं जी-प्रथिन पुढे येतं आणि सायक्लिक एएमपी घटतं. म्हणजे एकाच थेंबानं शेजारी-शेजारी बसलेल्या दोन पेशींत एकात पाणी चढतं, दुसऱ्यात ओसरतं.

इथेच पॉल ग्रीनगार्ड यांच्या प्रयोगशाळेनं शोधलेलं डार्प-३२ हे प्रथिन येतं. दोन्ही गटांत ते भरपूर असतं आणि दुतोंडी असतं. त्याच्या ३४व्या जागेवरच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लाला प्रोटीन कायनेज ए-नं फॉस्फेट लावला की ते फॉस्फेट काढणाऱ्या एका एन्झाइमचं तोंड बंद करतं. साहजिकच लावलेले ठिपके टिकून राहतात आणि संदेश मोठा होतो. तेच ७५व्या जागेवर दुसऱ्या एका कायनेजनं फॉस्फेट लावला, तर ते उलटून प्रोटीन कायनेज ए-लाच अडवतं. ग्रीनगार्ड यांना २०००चं नोबेल आर्विड कार्लसन आणि एरिक कँडेल यांच्यासोबत मिळालं, ते चेतासंस्थेतल्या अशाच संदेशवहनाच्या कामासाठी.

हे शोधायला इतका वेळ का लागला, तेही सांगण्यासारखं आहे. पूर्वी आम्ही सगळेच काय करायचो? स्ट्रायाटमचा तुकडा काढायचा, वाटायचा आणि प्रथिनं जेलवर विजेनं पळवून पट्ट्यांत वेगळी करायची. एका गटात डार्प-३२वरचा फॉस्फेट वाढला आणि दुसऱ्यात घटला, तर बेरीज जवळजवळ शून्य. पट्टी जशीच्या तशी, आणि वहीत नोंद ‘काही फरक नाही’. माझ्या जुन्या वह्यांत अशा नोंदी आहेत, त्यातल्या किती खऱ्या होत्या हे आता देवच जाणे. २००८च्या सुमारास ग्रीनगार्ड यांच्याच गटानं असे उंदीर तयार केले, की दोन्ही गटांतल्या डार्प-३२ला वेगवेगळी खूणगाठ बांधलेली होती. मग कोकेन दिल्यावर ३४व्या जागेचा फॉस्फेट डी१ गटात वाढलेला आणि डी२ गटात घटलेला स्पष्ट दिसला. वाटलेल्या तुकड्यात हे कधीच दिसलं नसतं.

डी२ गटाची आणखी एक खासियत म्हणजे त्याच पेशींवर ॲडिनोसिन या दुसऱ्या रसायनाचा ए२ए रिसेप्टर ठासून भरलेला असतो. तो सायक्लिक एएमपी वाढवतो. म्हणजे या पेशीत डोपामिन एकीकडे ओढतं, ॲडिनोसिन दुसरीकडे. कॅफिन ए२ए अडवतं, त्यामुळे डोपामिनचं पारडं जड होतं. हाच धागा पकडून पार्किन्सन्ससाठी इस्ट्राडेफिलिन हे औषध आलं: जपानमध्ये २०१३ला, अमेरिकेत २०१९ला. लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाच्या जोडीला ते देतात. ए२ए हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते दुसऱ्याच वेषात भेटणार आहे.

मग डी२ म्हणजे नेहमी ‘सायक्लिक एएमपी कमी’ एवढंच का? तेही नाही. डोपामिन तयार करणाऱ्या मध्यमेंदूतल्या न्यूरॉनवर डी२ असतोच, स्वतःच्या उत्पादनावर नजर ठेवायला. तिथे जी-प्रथिनाचा एक तुकडा सुटून थेट पोटॅशिअमची वाहिनी उघडतो आणि न्यूरॉन काही क्षण गप्प बसतो. स्ट्रायाटमच्या काटेरी न्यूरॉनमध्ये ती वाहिनी जवळपास नसतेच. रिसेप्टर एक, जी-प्रथिन एक, पण शेवटचं दार त्या घरात बसवलेलंच नाही. डोपामिन कधी पोहोचलं हे विजेवर पकडण्यासाठी संशोधकांनी विषाणूमार्फत ती वाहिनी मुद्दाम काटेरी न्यूरॉनमध्ये घातली, तेव्हा कुठे झटपट विद्युत प्रतिसाद दिसला.

इथवर रिसेप्टर आणि वाहिन्या बदलत होत्या. माझ्या मते त्याहून गमतीची गोष्ट कॅल्शिअमची आहे, कारण तिथे संदेशच तोच असतो आणि वाचन उलटं होतं.

हिप्पोकॅम्पस या आठवणींशी संबंधित भागातल्या पिरॅमिडल न्यूरॉनवर एकाच वेळी जोरदार मारा झाला की ग्लूटामेट या मुख्य उत्तेजक रसायनाच्या एनएमडीए रिसेप्टरमधून कॅल्शिअमचा लोंढा आत येतो, कॅमके-२ नावाचं कायनेज जागं होतं, सिनॅप्सवर, म्हणजे दोन न्यूरॉनमधल्या जोडणीवर, ग्लूटामेटचेच आणखी एएम्पीए रिसेप्टर बसतात आणि ती जोडणी बळकट होते. ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ला नोंदवलेलं दीर्घकालीन बळकटीकरण पुढे असं उलगडत गेलं. कॅल्शिअम थोडं आणि रेंगाळत आलं, तर फॉस्फेट काढणारी एन्झाइम वरचढ होतात आणि जोडणी क्षीण होते. विद्यार्थी हा नियम ‘जास्त कॅल्शिअम म्हणजे बळकट, कमी म्हणजे क्षीण’ असा पाठ करतात.

आता लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशीकडे या. मासाओ इटो आणि सहकाऱ्यांनी १९८२ला तिथे दीर्घकालीन क्षीणन दाखवलं. या पेशीला एकीकडून हजारो समांतर तंतू बारीक बारीक बातम्या देत असतात आणि दुसरीकडून एकच चढता तंतू दणका देतो. दोन्ही जुळून आले की कॅल्शिअम खूप चढतं, सोबत ग्लूटामेटच्या एका जी-प्रथिनवाल्या रिसेप्टरची साथ मिळते, प्रोटीन कायनेज सी जागं होतं आणि एएम्पीए रिसेप्टर आत ओढले जातात. जोडणी क्षीण. कॅल्शिअम कमी चढलं तर फॉस्फेट काढणारी एन्झाइम तीच जोडणी बळकट करतात. अगदी उलट! हिप्पोकॅम्पसच्या प्रयोगशाळेतून लहान मेंदूच्या प्रयोगशाळेत आलेला माणूस पहिले काही महिने आलेख उलटे धरल्यासारखा वावरतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

तिसरी तऱ्हा गाबा हे बहुधा शांत करणारं रसायन सोडणाऱ्या मधल्या न्यूरॉनची, त्यातही पार्व्हाल्ब्युमिनवाल्या जलद न्यूरॉनची. यांच्याकडे कॅमके-२चा अल्फा प्रकार जवळपास नसतो. म्हणून तर त्याचा प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) वापरून आम्ही केवळ उत्तेजक न्यूरॉनमध्ये जनुक घालण्याचा प्रयत्न करतो (आणि थोडं इकडेतिकडे सांडतंच, शोधनिबंधात कुणी ते कबूल करो वा न करो). यांच्या एएम्पीए रिसेप्टरमध्ये अनेकदा ग्लूए२ हा घटक कमी असतो, त्यामुळे कॅल्शिअम त्याच दारानं आत येतं. आणि पार्व्हाल्ब्युमिन स्वतःच कॅल्शिअम शोषून धरणारं प्रथिन आहे. म्हणजे कॅल्शिअम येण्याचा रस्ता वेगळा, ते किती वेळ मोकळं राहणार ते वेगळं आणि वाचणारं एन्झाइम वेगळं.

सायक्लिक एएमपीचंही तसंच. हिप्पोकॅम्पसमध्ये ते वाढलं की आठवण पक्की व्हायला बहुधा मदत होते. प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, जिथे आपण फोन नंबर क्षणभर डोक्यात धरून ठेवतो, तिथे ते जास्त वाढलं तर काही वाहिन्या उघडून जोडणी ढिली पडते. नॉरॲड्रेनॅलिन हे आणखी एक संदेशवाहक रसायन तिथल्या अल्फा-२ए रिसेप्टरवरून सायक्लिक एएमपी खाली आणतं, आणि लक्ष टिकतं. एडीएचडी या लक्ष न टिकण्याच्या विकारात देतात ते ग्वानफेसिन याच रिसेप्टरवर काम करतं. ‘दाबणारा’ रिसेप्टर चेतवून कामगिरी सुधारते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कारिकच वाटतं.

गाबाबद्दल थोडक्यात: प्रौढ न्यूरॉन केसीसी२ या पंपानं क्लोराइड बाहेर काढत राहतो, म्हणून गाबाचं दार उघडलं की क्लोराइड आत येतं आणि न्यूरॉन शांत होतो. वाढीच्या सुरुवातीच्या काळात तो पंप पुरेसा नसतो आणि क्लोराइड आत घेणारा एनकेसीसी१ जोरात असतो, त्यामुळे तेच दार उघडल्यावर न्यूरॉन उलट चेततो. पेशीचा प्रकार तर विचारायचाच, वयही विचारायचं.

आता ग्लिया. ग्लिया न्यूरॉनच्या दहापट असतात हे वाक्य अजून फिरतंय. २००९मध्ये पेशी मोजून आलेला आकडा सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन आणि जवळपास तितक्याच इतर पेशी असा आहे. आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, ग्लियाचे संदेशमार्ग परक्या ग्रहावरून आलेले नाहीत. सायक्लिक एएमपीचा शोध अर्ल सदरलँड यांना लागला तो यकृतावर काम करताना, आणि त्यासाठी त्यांना १९७१चं नोबेल मिळालं. सांगाडा सगळ्या शरीरात तोच आहे. फक्त त्याला जोडलेली टोकं बदलतात.

ॲस्ट्रोसाइट या ग्लिया पेशी विजेचे ठोके सोडत नाहीत. १९९०मध्ये संवर्धित ॲस्ट्रोसाइटवर ग्लूटामेट टाकल्यावर कॅल्शिअमच्या लाटा एका पेशीतून दुसरीत सरकताना दिसल्या, तेव्हापासून या पेशींची भाषा कॅल्शिअमची आहे असं आपण मानत आलो. ग्लूटामेट न्यूरॉनसाठी बातमी असते. ॲस्ट्रोसाइटसाठी ती बातमी आहेच, शिवाय उचलून ठेवायचा माल आहे: सिनॅप्सभोवतीचं बहुतेक ग्लूटामेट हीच पेशी वाहकांनी आत ओढते, त्याचं ग्लूटामिन करते आणि न्यूरॉनला परत देते. हे रूपांतर करणारं एन्झाइम न्यूरॉनमध्ये जवळपास नसतं.

माझी सर्वांत मोठी फजिती याच पेशींनी केली. प्रयोगशाळेत आम्ही एक कृत्रिम रिसेप्टर वापरतो, जो शरीरातल्या कुठल्याही रसायनाला दाद देत नाही, फक्त बाहेरून दिलेल्या एका औषधाला देतो. त्याचा ‘दाबणारा’ प्रकार न्यूरॉनमध्ये घातला की न्यूरॉन गप्प होतात. मी तो विषाणूमार्फत ॲस्ट्रोसाइटमध्ये घातला, औषध सोडलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली शांततेची वाट पाहत बसलो. पडदा उजळून निघाला. कॅल्शिअम खाली जायच्या ऐवजी वर चढलं. आधी औषधाची बाटली बदलली, मग विषाणू, मग उंदरांची तुकडी. दोष कशातच नव्हता. ॲस्ट्रोसाइटमध्ये दाबणाऱ्या जी-प्रथिनाचा सुटा तुकडा साठ्यातलं कॅल्शिअम मोकळं करणाऱ्या यंत्रणेला हात घालू शकतो. गाबाचा जी-प्रथिनवाला रिसेप्टर न्यूरॉनला शांत करतो आणि ॲस्ट्रोसाइटमध्ये कॅल्शिअम वाढवतो. गांजातल्या घटकाला ओळखणारा सीबी१ रिसेप्टर न्यूरॉनच्या टोकाला रसायन सोडणं कमी करायला लावतो, तर ॲस्ट्रोसाइटमध्ये त्यानंही कॅल्शिअम चढतं. ‘दाबणारा’ हे नाव न्यूरॉनवाल्यांनी दिलंय, ॲस्ट्रोसाइटला कुणी विचारलं नव्हतं.

आणखी एक नमुना सांगतो. बीडीएनएफ हे वाढीचं प्रथिन न्यूरॉनवर ट्रकबी रिसेप्टरला चिकटतं आणि त्याचं आतलं कायनेज चालू होतं. ॲस्ट्रोसाइट त्याच जनुकापासून मुख्यतः छाटलेला रिसेप्टर बनवतात, कायनेजचा भागच नसलेला. बराच काळ त्याला नुसता स्पंज समजत होते. २००३मध्ये दिसलं की तोही ॲस्ट्रोसाइटच्या आतल्या साठ्यातून कॅल्शिअम सोडवतो.

वयाची अडचण इथेही आहे. ॲस्ट्रोसाइट ग्लूटामेट कसं ‘ऐकतात’ याबद्दलचं बरंच जुनं काम अगदी लहान उंदरांवर झालं होतं, आणि त्यात एमग्लूआर५ हा रिसेप्टर केंद्रस्थानी होता. २०१३ला दाखवलं गेलं की वय वाढतं तसा हा रिसेप्टर ॲस्ट्रोसाइटमधून ओसरतो. प्रौढ प्राण्यात त्यांना जागं करणाऱ्या संदेशांत नॉरॲड्रेनॅलिनचा वाटा मोठा असतो. एका झटक्यात अनेक सुंदर आकृत्या ‘लहान वयापुरत्या’ झाल्या.

मायक्रोग्लियांचं कुळच वेगळं. त्या गर्भातल्या पीतक पिशवीतून मेंदूत येऊन स्थायिक झालेल्या रोगप्रतिकारक पेशी आहेत. त्यांच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची बातमी म्हणजे एटीपी. पेशीच्या आत ते ऊर्जा असतं. बाहेर सांडलेलं दिसलं की कुठेतरी काही फुटलंय. २००५मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत लेझरनं बारीक इजा केल्यावर आसपासच्या मायक्रोग्लियांच्या फांद्या काही मिनिटांत तिकडे धावताना दिसल्या. त्यामागे पी२वाय१२ रिसेप्टर आहे, हे पुढच्याच वर्षी कळलं. हा तोच रिसेप्टर, जो रक्तातल्या प्लेटलेटवर असतो आणि हृदयरोग्यांना देतात ते क्लोपिडोग्रेल ज्याला अडवतं. प्लेटलेटमध्ये तो गुठळी घडवतो, मायक्रोग्लियात फांदी वळवतो. पेशी दाह-अवस्थेत गेली की पी२वाय१२ उतरतो आणि ए२ए चढतो. मघाचाच ए२ए! स्ट्रायाटममध्ये हालचालीचा लगाम ओढणारा हा रिसेप्टर इथे फांद्या आत ओढून घ्यायला लावतो.

ऑलिगोडेंड्रोसाइटबद्दल फार लांबवत नाही. न्यूरॉनच्या लांब तंतूंभोवती मायलिनचं वेष्टण घालणाऱ्या या पेशींच्या पूर्वज पेशींना न्यूरॉनकडून खरेखुरे सिनॅप्स मिळतात, हे २०००मध्ये दिसलं. त्या प्रौढ होऊ लागल्या की ते सिनॅप्स जातात.

शेवटचा प्रश्न औषधाचा. २०२३ला आलेल्या मानवी मेंदूच्या पेशी-नकाशात तीस लाखांहून जास्त पेशीकेंद्रकांतलं आरएनए वाचून ३,०००हून अधिक पेशीप्रकार मांडले गेले. इतके प्रकार, पण रिसेप्टर मात्र सामायिक. शिवाय नकाशात एखादा रिसेप्टर कमी दिसला म्हणजे तो तिथे बिनमहत्त्वाचा, असंही धरता येत नाही. हिप्पोकॅम्पसमध्ये सीबी१ गाबा सोडणाऱ्या टोकांवर भरपूर आणि ग्लूटामेटच्या टोकांवर तुरळक असतो, पण ग्लूटामेटवाला थोडका साठाच जी-प्रथिनांशी जास्त घट्ट जोडलेला आढळला. आरएनए मोजून ही जोडणी दिसत नाही, त्यासाठी अजूनही पेशीतच सुई घालावी लागते.

पेशी निवडून मारा करण्याचा एक शहाणा वाटणारा प्रयत्न पीडीई१०ए या एन्झाइमवर झाला. ते सायक्लिक एएमपी मोडतं आणि स्ट्रायाटमच्या काटेरी न्यूरॉनमध्येच गर्दीनं असतं, बाकी मेंदूत फारसं नाही. ते अडवलं तर स्किझोफ्रेनियात उपयोग होईल असा कयास होता. पण ते डी१ आणि डी२ या दोन्ही गटांत आहे, त्यामुळे लगाम आणि टाच एकदमच दाबले जातात. माणसांवरच्या चाचण्यांत हाती निराशा आली.

याउलट २०२४च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी झॅनोमेलिन आणि ट्रोस्पियम यांची जोडगोळी मंजूर झाली. झॅनोमेलिन ॲसिटिलकोलीनच्या एम१ आणि एम४ या मस्करिनिक रिसेप्टरना चेतवतं, आणि स्ट्रायाटममध्ये एम४ प्रामुख्यानं डी१ गटावर असतो. म्हणजे डोपामिनच्या रिसेप्टरला हात न लावता त्याच पेशींच्या सायक्लिक एएमपीपर्यंत दुसऱ्या दारानं पोहोचता येतं. अडचण एकच होती: आतडी, लाळग्रंथी, घामाच्या ग्रंथी यांच्यावरही मस्करिनिक रिसेप्टर आहेत, आणि एकट्या झॅनोमेलिननं मळमळ, उलट्या असे त्रास व्हायचे. रसायनाला पेशी निवडायला शिकवता आलं नाही, म्हणून तेच रिसेप्टर अडवणारं ट्रोस्पियम सोबत दिलं. ते मेंदूत जवळपास शिरत नाही, त्यामुळे त्याची अडवणूक मेंदूच्या बाहेरच राहते.